अत्तारांची पारख

1595 च्या सुमारास मुहम्मद कुली कुतुबशहाने बांधविलेल्या दारुलशिफापासून आसफजाही सरकारच्या यूनानी दवाखान्यांपर्यंत हैदराबादेत जो राजाश्रय यूनानी वैद्यकास लाभला, त्याच्या छायेत औषधी बियांची पारख हा अत्तारांचा, म्हणजे औषधविक्रेत्यांचा, प्रतिष्ठित पेशा बनला. ओवा, बडीशेप, अनीसून (विलायती बडीशेप), करफ्स (सेलरी) ही सारी गाजराच्या कुळातील. आणि या कुळात रानातली ओळख अत्यंत जोखमीची, कारण छत्राकार पुष्पगुच्छ, पोकळ खोड व चिरलेली पाने ही लक्षणे विषारी शौकरानातही (हेमलॉक) आढळतात, ज्याचा पेला इ.स.पू. 399 मध्ये सॉक्रेटिसास दिला गेला, असे मानतात. खरी साक्ष फळाची. पिकल्यावर दुभंगणाऱ्या या फळाच्या प्रत्येक अर्ध्यावर पाच कंगोरे असतात. बडीशेपेचे ठळक व गुळगुळीत, ओव्याचे सूक्ष्म खरखरीत, शौकरानाचे नागमोडी, आणि चुरगळलेल्या शौकरानास उंदरासारखी दुर्गंधी येते. पानांवर मात्र विसंबता येत नाही; दख्खनच्या ओलसर भूमीवर पसरणारा, ब्राह्मी म्हणूनही विकला जाणारा कारिवणा याच कुळातला असूनही त्याच्या वाटोळ्या, अखंड पानांमुळे त्याचे गोत्र सहसा ध्यानी येत नाही. डोळा, बोट आणि नाक यांची ही संयुक्त विद्या, माझ्या मते, दरबारी हकीमांच्या सनदांइतकीच आदरास पात्र होती. कारण हकीमाचा नुस्खा कितीही निर्दोष असला, तरी रुग्णाचे प्राण अखेर बी निवडणाऱ्याच्या हाती असत.