नळी तर सगळ्यांनाच दिसत होती

आपल्याकडे सायलेन्सरची पुंगळी काढली की आवाज वाढतो, आणि गाडी जास्त पळायला लागली असं वाटतं. १९८५ साली आलेल्या यामाहा आरएक्स १०० ला हौशी लोक अजूनही ‘चेंबर’ बसवतात. मधे फुगलेली, शेवटी निमुळती नळी. तिचा इतिहास आज पाहू.

आधी अडचण समजून घेऊ. टू-स्ट्रोक इंजिनात जळलेला वायू बाहेर पडतानाच ताजं मिश्रण आत येतं. त्यातलं थोडं सरळ बाहेर निसटतं, म्हणजे पेट्रोलही गेलं आणि ताकदही गेली. मग करायचं काय? पूर्व जर्मनीत त्शोपाउ इथल्या एमझेड कारखान्यात वाल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात यावर चिकाटीनं काम केलं. फुगीर नळी त्यांच्या आधी एरिख वोल्फ यांनी वापरली होती. काडेन यांनी मात्र नळीतल्या दाबाच्या लाटा ऑसिलोस्कोपवर पाहिल्या. नळी रुंदावते तिथून परतणारी लाट वायू बाहेर ओढते. ती निमुळती होते तिथून परतणारी लाट निसटलेलं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते.

पण लाट वेळेवर परतायला हवी. १९६१ साली त्यांच्या १२५ सीसी इंजिनानं १०,८०० आरपीएमला २५ अश्वशक्ती दिली, म्हणजे लिटरमागे २००. या वेगाला इंजिनाच्या सेकंदाला १८० फेऱ्या होतात! नळीची लांबी थोडी चुकली, तर हीच लाट अडथळा बनते.

आता गंमत बघा. ही नळी गाडीच्या बाहेरच लटकते, कोणीही मापून घ्यावी. सुझुकी १९६० पासून आयल ऑफ मॅनला उतरत होती, पण मागेच राहत होती. सप्टेंबर १९६१ मध्ये, बर्लिनची भिंत उभी राहून महिना झाला असेल, स्वीडनच्या शर्यतीत एमझेडचा स्वार एर्न्स्ट डेग्नर याचं इंजिन निकामी झालं आणि विजेतेपद हुकलं. तो मायदेशी परतलाच नाही. बायको-मुलांना गाडीच्या डिकीत लपवून पश्चिमेला आणलं गेलं. डेग्नर सुझुकीकडे गेला आणि १९६२ साली ५० सीसीचा विश्वविजेता झाला. टू-स्ट्रोकचं ते पहिलं विश्वविजेतेपद. काडेन मागे राहिले, एमझेडला ते कधीच मिळालं नाही.

सुझुकीला नळीपेक्षा जुळवणी हवी होती. कोणत्या नळीला कोणते पोर्ट, कोणता जेट, स्पार्कची वेळ काय, हे जाणणारा माणूस हवा होता.

आपल्या गॅरेजात नेमकं हेच राहून जातं. चेंबर बसला की सिलिंडरमध्ये मिश्रण जास्त भरतं. त्या प्रमाणात मोठा मेन जेट घातला नाही, तर पेट्रोल कमी पडतं, उष्णता वाढते आणि पिस्टन सीझ होतो. म्हणून जुने मेकॅनिक गाडी जोरात पळवून, इंजिन तिथेच बंद करून प्लग काढून बघतात. पांढरा पडला तर पेट्रोल कमी, काळाकुट्ट असेल तर जास्त, तपकिरी असेल तर ठीक.

रस्त्यावर असा बदल बेकायदा आहे, ते वेगळंच. पण ट्रॅकसाठी कोणी चेंबर बसवला, तर आवाजाचं कौतुक करण्याआधी विचारा, ‘जेट कितीचा घातलास?’