निरपेक्ष प्रेमाचा वाद : बोस्युए आणि फेनलाँ

ईश्वरावर प्रेम करणाऱ्याने स्वतःच्या सुखाची इच्छा बाळगावी की नाही, हा प्रश्न ख्रिस्ती धर्मविचारात प्राचीन आहे. परंतु तो राजदरबारात, धर्मपीठापुढे आणि छापखान्यात एकाच वेळी लढला गेला तो सतराव्या शतकाच्या अखेरीस, फ्रान्समध्ये. मोचे धर्माध्यक्ष बोस्युए आणि कांब्रेचे महाधर्माध्यक्ष फेनलाँ हे या वादातील प्रतिपक्षी होत. दोघेही फ्रेंच गद्याचे श्रेष्ठ शिल्पकार असल्यामुळे वाङ्मयाच्या अभ्यासकालाही हा वाद टाळता येत नाही.

संत ऑगस्टिनच्या मते मनुष्यमात्र सुखच इच्छितो आणि त्याचे खरे सुख ईश्वरच होय. या विचारात ईश्वर आणि सुख यांचा विरोध उद्‌भवतच नाही. अनुभववादी संतांना मात्र एवढ्याने समाधान नव्हते. तेराव्या शतकातील संत लुईच्या चरित्रात झ्वँव्हीलने एक कथा दिली आहे. दमास्कसच्या रस्त्यातून एक वृद्धा एका हाती अग्नी आणि दुसऱ्या हाती पाणी घेऊन चालली होती. अग्नीने स्वर्ग जाळावा, पाण्याने नरक विझवावा, म्हणजे लोक केवळ ईश्वरासाठीच सत्कर्म करतील, असे तिचे म्हणणे. बसऱ्याच्या राबियाविषयी सूफी परंपरेत हीच कथा सांगतात. पुढे फ्रान्सिस द सालने 1616 च्या आपल्या ईश्वरप्रेमविषयक ग्रंथात याच भावनेला अत्यंत कोमल रूप दिले.

मादाम ग्युयाँ या विधवेने ही भावना प्रार्थनेची पद्धती म्हणून शिकवण्यास आरंभ केला. काहीही न मागता, स्वतःच्या तारणाचीही चिंता न करता ईश्वरापुढे स्तब्ध राहावे, ही तिची शिकवण. ती मादाम द मँतनोंच्या सँ-सीर येथील कन्याशाळेत शिरली, तेव्हा अधिकारीवर्ग सावध झाला. चौकशी होऊन 1695 च्या मार्चमध्ये 34 कलमे ठरली. त्यांवर बोस्युए आणि फेनलाँ या दोघांच्याही स्वाक्षऱ्या आहेत. सहमती कागदावरच राहिली.

1697 मध्ये फेनलाँचा संतवचनांच्या विवरणाचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात 45 कलमे असून प्रत्येकात आधी खरा सिद्धान्त आणि मग खोटा अशी मांडणी आहे. वादाचे मर्म या मांडणीतच असावे. ‘ईश्वराची इच्छा असेल तर मी नरकही स्वीकारीन’ अशा आशयाचा उद्गार संताच्या तोंडी प्रेमाची अतिशयोक्ती म्हणून शोभतो. तोच कलमात बसवला की त्याचा सिद्धान्त होतो आणि सिद्धान्ताला परिणामांची जबाबदारी घ्यावी लागते. बोस्युएने नेमके तेच पाहिले. सुखाची इच्छा सोडणे मनुष्यस्वभावाला शक्य नाही, आणि सोडलीच तर श्रद्धा, आशा व प्रीती या तीन गुणांपैकी आशेचे काय उरते, असा त्याचा आक्षेप. फेनलाँचे उत्तर सूक्ष्म आहे. आशा नाहीशी होत नाही, तिचे कारण बदलते. जीव तारण इच्छितो ते स्वतःला हवे म्हणून नव्हे, तर ईश्वराला ते हवे आहे म्हणून.

भारतीय वाचकाला येथे निष्काम भक्तीचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. तथापि ही तुलना फार ताणू नये. आपले संत मुक्ती नाकारतात ती बहुधा भक्तीचे सुख अखंड राहावे म्हणून. तेथे सुखाचे स्थान बदलते, त्याचा त्याग होत नाही. बोस्युएला त्यात दोष काढणे कठीण गेले असते.

1698 मध्ये बोस्युएने या प्रकरणाची हकीकत लिहिली. त्यात खासगी पत्रे आणि ग्युयाँची हस्तलिखिते उघड करून तिची थट्टा केली आहे. गद्य म्हणून हे लेखन अप्रतिम आहे. धर्मगुरूचे लेखन म्हणून ते क्षुद्र वाटते. ज्या स्त्रीच्या अनुभवातून हा सारा वाद निघाला, ती त्याच वर्षी बास्तीय तुरुंगात होती. तिची सुटका 1703 मध्ये झाली.

रोमचा निर्णय 12 मार्च 1699 रोजी आला. ग्रंथातील 23 विधाने निषिद्ध ठरली, मात्र ‘पाखंड’ हा शब्द कोठेही योजलेला नव्हता. फेनलाँने निर्णय जाहीरपणे, विनाअट स्वीकारला. राजाने त्याला आधीच दरबारातून दूर करून त्याच्या धर्मप्रांतात राहण्याची आज्ञा केली होती. त्याच्या शरणागतीत काहींना केवळ धूर्त दरबारी दिसला. परंतु त्याच्या पुढील लेखनाशी हे मत जुळत नाही. ग्रंथातील शब्द चुकले हे त्याने मान्य केले. आपल्याला अभिप्रेत असलेला अर्थ मात्र त्याने सोडला नाही. 1715 मध्ये तो कांब्रे येथेच वारला.

यानंतर फ्रान्समध्ये गूढानुभवाच्या वाङ्मयाची प्रतिष्ठा ओसरली. ग्युयाँचे ग्रंथ हॉलंडमध्ये प्येर प्वारे या प्रॉटेस्टंट संपादकाने छापले आणि 1776 मध्ये जॉन वेस्लीने तिच्या आत्मचरित्राचा संक्षेप इंग्रजीत प्रसिद्ध केला. कॅथलिक राजाने तुरुंगात टाकलेल्या या स्त्रीला वाचक लाभला तो मुख्यतः प्रॉटेस्टंट देशांत.