ट्रकचं इंजिन गरम होऊन बंद पडलं : दुरुस्त करायचं की बदलायचं? संपूर्ण माहिती

मे महिन्यात उन्हात मोबाईल वापरला की स्क्रीनवर सूचना येते, फोन गरम झालाय, थंड होऊ द्या. फोन स्वतःच ब्राइटनेस कमी करतो, चार्जिंग थांबवतो. ट्रकचं इंजिनही असंच काहीसं सांगत असतं. फरक एवढाच की तिथे दुर्लक्ष केलं तर बिल लाखात येतं.

मी सध्या सॉफ्टवेअरमध्ये काम करते, पण डिग्री मेकॅनिकलची. त्यामुळे २०२४ च्या मे महिन्यात मामाचा ट्रक कसारा घाटात उकळला तेव्हा पहिला फोन मलाच आला. मामा घाटकोपरला असल्फ्यात राहतो. एकच ट्रक, सात वर्षं जुना, त्याच्यावरच घर चालतं आणि हप्ताही. ट्रक टो करून घाटकोपरला आणला, तेव्हा गॅरेजवाला म्हणाला, "फुल इंजिन काम करावं लागेल." दलाल म्हणाला, "कशाला? कुर्ल्यातून सेकंड हँड इंजिन देतो बसवून, चार दिवसांत गाडी रोडवर." शेजारचे काका म्हणाले, "ट्रकच विकून टाक." मामा मला म्हणाला, "अगं, तू इंजिनियर ना? सांग आता काय करू."

त्या आठवड्यात मी जे शिकले ते या लेखात क्रमाने दिलंय. तुमच्या घरी, नात्यात कुणाचा टेम्पो किंवा ट्रक असेल तर सेव्ह करून ठेवा.

इंजिन जास्त गरम झालं म्हणजे आत नक्की काय होतं?

चालू इंजिनमधलं कूलंट साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअसला असतं. रेडिएटरचं झाकण प्रेशर कुकरसारखं काम करतं. आत दाब राहतो, म्हणून पाणी १०० अंशालाही उकळत नाही. पाइप फुटला, झाकण सैल झालं किंवा रेडिएटर चोंदला की हे गणित बिघडतं आणि वाफ होते. वाफ धातूतली उष्णता पाण्याइतकी ओढून घेऊ शकत नाही. मग नुकसान या क्रमाने होतं :

१. हेड वाकतं. हेड म्हणजे इंजिनचं वरचं झाकण. ते अ‍ॅल्युमिनियमचं असेल तर तापल्यावर खालच्या बिडाच्या ब्लॉकपेक्षा जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. बोल्टने जखडलेलं असल्यामुळे ते वाकतं. बिडाचं हेड कमी वाकतं, पण त्याला तडा जाऊ शकतो.

२. हेड गॅस्केट जळतं. हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं हे पॅकिंग. ते गेलं की पाणी, ऑइल आणि सिलेंडरमधला गॅस एकमेकांत मिसळतात.

३. पिस्टन लायनरला घासतो. ऑइल पातळ होतं, पिस्टन फुगतो, लायनरवर उभे ओरखडे पडतात. आणखी पुढे गेलं तर इंजिन जाम.

४. बेअरिंग जातात. पाणी मिसळलेलं ऑइल क्रँकच्या बेअरिंगला वाचवू शकत नाही.

दुरुस्त करायचं की बदलायचं, याचं उत्तर नुकसान यातल्या कितव्या पायरीवर थांबलंय यावर आहे. पहिल्या दोन पायऱ्यांवर थांबलं असेल तर इंजिन बदलण्याची गरज सहसा पडत नाही.

काटा खाली आला म्हणजे इंजिन थंड झालं असं नाही

मामाची चूक इथेच झाली. घाटात टेंपरेचरचा काटा लाल पट्ट्यात गेला. गाडी बाजूला घ्यायला जागा नव्हती, म्हणून तो तसाच चढत राहिला. थोड्या वेळाने काटा अचानक खाली आला. त्याला वाटलं, वारा लागला, सुटलो. आणखी दोनेक किलोमीटर गेल्यावर इंजिन ठोके देत बंद पडलं.

झालं काय होतं? तापमानाचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असतो. कूलंटच बाहेर फेकलं गेलं तर सेन्सर कोरडा पडतो आणि रीडिंग खाली येऊ शकतं. म्हणून लक्षात ठेवा : लाल पट्ट्यात गेलेला काटा एकदम खाली आला तर ती धोक्याची खूण समजा. पाणी संपलेलं असू शकतं. त्या क्षणी इंजिन बंद करा.

आणखी दोन गोष्टी. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर उडतं. आणि तापलेल्या इंजिनवर किंवा इंजिनमध्ये गार पाणी ओतू नका, हेडला तडा जाण्याचं ते हमखास कारण आहे.

निर्णयाआधी करायच्या तपासण्या

गॅरेजवाल्याने "फुल काम" म्हटलं तर आधी या तपासण्या झाल्यात का ते विचारा. सगळ्या इंजिन थंड असताना करायच्या.

ऑइल बघा. डिपस्टिक काढा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसत असेल तर त्यात पाणी गेलंय. पावसाळ्यात फक्त झाकणाखाली थोडा पांढरा फेस दिसला तर मात्र ती हवेतली ओल असू शकते. लगेच घाबरू नका.

स्टार्टर मारत बसू नका. सिलेंडरमध्ये पाणी साचलं असेल तर ते दाबलं जात नाही. स्टार्टरच्या जोरावर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि छोटं काम मोठं होतं. आधी इंजेक्टर काढून इंजिन हाताने फिरवून बघायला सांगा. मोकळं फिरलं तर अर्धी काळजी मिटली.

रेडिएटरमध्ये बुडबुडे. इंजिन चालू होत असेल तर थंड असतानाच झाकण काढून, पाणी भरून सुरू करा. एकसारखे बुडबुडे येत राहिले तर सिलेंडरचा गॅस पाण्यात येतोय. गॅस्केट गेलंय किंवा हेडला तडा आहे. झाकण उघडं ठेवून इंजिन तापू देऊ नका.

कॉम्प्रेशन टेस्ट. प्रत्येक सिलेंडरचा दाब मोजतात. आकडा किती यापेक्षा सिलेंडरमधला फरक बघा. शेजारशेजारच्या दोन सिलेंडरचा दाब पडलेला असेल तर बहुतेक त्यांच्यामधलं गॅस्केट जळलंय.

मोबाईलला जोडायचा कॅमेरा. बारीक वायरचा एंडोस्कोप कॅमेरा ऑनलाइन मिळतो, फोनला केबलने जोडता येतो. इंजेक्टरच्या भोकातून तो आत जात असेल तर पिस्टन आणि लायनर दिसतात. उभे खोल ओरखडे दिसले तर नुकसान तिसऱ्या पायरीवर गेलंय. एकच पिस्टन बाकीच्यांपेक्षा धुतल्यासारखा स्वच्छ दिसला तर त्या सिलेंडरमध्ये पाणी जात होतं. मामाच्या ट्रकमध्ये तीन नंबरचा पिस्टन असाच चकचकीत होता. लायनर मात्र साफ होते. तो फोटो बघून गॅरेजवाल्याचाही सूर बदलला.

हेड उतरवल्यावर मोजमाप. सरळ पट्टी आणि फीलर गेजने हेड किती वाकलंय ते मोजतात. मर्यादा इंजिनप्रमाणे बदलते, पण ती मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपासची गोष्ट आहे, डोळ्यांनी दिसत नाही. थोडं वाकलं असेल तर मशीनवर फेसिंग करतात. डिझेलमध्ये पिस्टन आणि हेड यांच्यातली जागा फार कमी असते, त्यामुळे हवं तेवढं फेसिंग करता येत नाही. तड्यासाठी प्रेशर टेस्ट करून घ्या. ब्लॉकचा वरचा भागही तसाच मोजायला सांगा. हे बरेच जण विसरतात.

एक बेअरिंग उघडून बघा. ऑइलमध्ये पाणी गेलं असेल तर खालचं चेंबर काढून निदान दोन बेअरिंग बघायलाच हवीत. वरचा राखाडी थर जाऊन तांब्याचा रंग दिसत असेल तर ती बदला आणि क्रँकही मोजा.

ओबीडी स्कॅनरबद्दल. कारसाठी मिळणारा स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर ट्रकला लावायची घाई करू नका. तो १२ व्होल्टसाठी बनवलेला असतो, बऱ्याच ट्रकची यंत्रणा २४ व्होल्टची असते. डेटा पाठवायची पद्धतही वेगळी असते, तिला जे-१९३९ म्हणतात.

चार पर्याय आणि आमचा हिशोब

तपासणीत निघालं असं : हेडला तडा, गॅस्केट जळलेलं, दोन बेअरिंग घासलेली. ब्लॉक, लायनर आणि क्रँक ठीक. मग मी आणि मामाने मोबाईलवर शीट उघडली. ट्रक उभा राहिला की रोजचे साधारण २,५०० रुपये बुडतात, हा आकडा मामाचाच. हा ट्रक आणखी पाच वर्षं, म्हणजे ६० महिने चालवायचा असं त्याने ठरवलं होतं. खालचे दर आम्हाला मिळालेले आहेत, तुमचे वेगळे असतील. हिशोबाची पद्धत मात्र हीच ठेवा.

- नवीन हेड, गॅस्केट, बेअरिंग : ८६,००० + ८ दिवसांचे २०,००० = १,०६,००० रुपये. ३६ महिने चालेल असं धरलं. महिन्याला सुमारे २,९४४.
- फुल इंजिन काम : १,७५,००० + १४ दिवसांचे ३५,००० = २,१०,००० रुपये. ६० महिने. महिन्याला ३,५००.
- सेकंड हँड इंजिन : फिटिंगसकट १,४५,००० + ५ दिवसांचे १२,५०० = १,५७,५०० रुपये. आतली अवस्था माहीत नाही, म्हणून २४ महिनेच धरले. महिन्याला सुमारे ६,५६२.
- कंपनीचं नवीन इंजिन : ३,४०,००० + १० दिवसांचे २५,००० = ३,६५,००० रुपये. ६० महिने. महिन्याला सुमारे ६,०८३.

नवीन इंजिन दहा वर्षं चाललं असतं. पण ट्रकच पाच वर्षांनी विकायचाय, तर पुढच्या पाच वर्षांचे पैसे भरून आपल्याला काय मिळणार? इंजिनचं आयुष्य ट्रकच्या उरलेल्या आयुष्यापेक्षा जास्त धरू नका. हिशोबात सगळ्यात जास्त फसगत इथे होते.

आता दुसरी बाजू. पहिला पर्याय आम्ही निवडू शकलो, कारण लायनर आणि क्रँक वाचले होते. ते गेलेले असते तर तो स्वस्त दिसला असता आणि सहा महिन्यांत पुन्हा इंजिन उतरवावं लागलं असतं. ब्लॉकलाच तडा असेल किंवा क्रँक दुरुस्तीच्या मापाबाहेर गेला असेल, तर इंजिन बदलणंच योग्य.

इंजिन बदलायचं असेल तर कागदपत्रं

इंजिन नंबर आरसीवर असतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरची माहिती बदलेल असा बदल करायचा तर आरटीओची परवानगी आणि नोंद लागते. घाटकोपरच्या एमएच-०३ गाड्यांसाठी हे काम वडाळ्याच्या आरटीओत होतं. सेकंड हँड इंजिन घेताना पक्कं बिल आणि ते ज्या गाडीतून काढलं तिची कागदपत्रं मागा. विकणारा "कागद नंतर देतो" म्हणाला तर तिथून निघा. इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर निस्तरावं तुम्हालाच लागेल. कर्ज चालू असेल तर फायनान्स कंपनीला आणि विमा कंपनीलाही कळवा.

फिटनेसही बघून घ्या. ट्रक आठ वर्षांचा होईपर्यंत फिटनेस दोन वर्षांसाठी मिळतं, नंतर दरवर्षी करावं लागतं. एम-परिवहन अ‍ॅपमध्ये मुदत दिसते. आणि कॉमन रेल इंजिन असेल तर इंजेक्टर बदलल्यावर त्यांचे कोड स्कॅनरने कंट्रोल युनिटमध्ये भरावे लागतात. ती सोय गॅरेजकडे आहे का, आधी विचारा.

मूळ कारण सापडलं का?

हा प्रश्न आमच्याकडे कुणीच विचारला नव्हता. इंजिन उकळलं, हे कळलं. पण का उकळलं? रेडिएटर उतरवून तपासला तेव्हा निम्म्याहून जास्त नळ्या क्षाराने चोंदलेल्या निघाल्या. मामा वर्षानुवर्षं ढाब्यावरच्या बोअरवेलचं पाणी टाकत होता. कूलंट महाग पडतं म्हणून. दलालाचं ऐकून दुसरं इंजिन बसवलं असतं तर तेही याच रेडिएटरला जोडलं असतं आणि पुढच्या घाटात तेही उकळलं असतं.

म्हणून कुठलाही पर्याय घ्या, रेडिएटर, झाकण, थर्मोस्टॅट, वॉटर पंप, बेल्ट आणि फॅन तपासल्याशिवाय ट्रक बाहेर काढू नका. आम्ही रेडिएटर नवीन टाकला. तो खर्च चारही पर्यायांत सारखाच होता, म्हणून वरच्या हिशोबात धरला नाही.

नेहमीचे प्रश्न

विमा मिळतो का? नेहमीच्या मोटार पॉलिसीत यांत्रिक बिघाड धरलेला नसतो. जास्तीचं कव्हर घेतलं असेल तर पॉलिसीची अट वाचा.

फक्त गॅस्केट बदलून चालेल का? हेड न मोजता गॅस्केट बदललं तर ते पुन्हा जळण्याची शक्यता मोठी.

रेडिएटरमध्ये टाकायचं लीक बंद करणारं लिक्विड? रस्त्यात अडकलात तर गॅरेजपर्यंत पोचायला ठीक. कायमचा उपाय म्हणून नको, त्याने बारीक नळ्याही चोंदू शकतात.

थोडक्यात

आधी इंजिन बंद, मग तपासणी, मग दर महिन्याचा हिशोब, आणि शेवटी मूळ कारण. हेड आणि गॅस्केटवर थांबलं असेल तर दुरुस्ती. लायनर, बेअरिंग गेले असतील तर फुल काम. ब्लॉक किंवा क्रँकच गेला असेल तर बदल.

मामाचा ट्रक नवव्या दिवशी रोडवर आला. आता त्याच्या केबिनमध्ये सीटमागे कूलंटचा कॅन असतो, आणि कसारा घाट चढायच्या आधी खाली थांबून तो पाच मिनिटं रेडिएटर आणि पाइप बघतो. मला फोटो पाठवतो. मागच्या आठवड्यातल्या फोटोखाली लिहिलं होतं, "कूलंट भरलेलं आहे. काटा मधोमध. काळजी करू नको."