तांड्यांची आडनावे

पोहरादेवीला रामनवमीच्या यात्रेत दहा जणांना आडनाव विचारावे. राठोड, पवार, चव्हाण, जाधव, आडे यांतच बहुतेक उत्तरे संपतील. सेवालाल महाराजांच्या समाधीपाशी जमणाऱ्या बंजारा समाजाची ही नावे मराठ्यांकडून उसनी घेतली असावीत, असा समज सहज होतो. तो खरा नव्हे.

बंजारा बोलीत ‘पवार’ हा मुळी ‘पमार’ आहे, आणि जाधवांचे घरचे नाव ‘वडतिया’. कागदावर मात्र लोकांच्या परिचयाचे मराठी रूप चढले. ही आडनावे म्हणजे गोते आहेत. एका गोतात सोयरीक होत नाही. म्हणून बंजाऱ्याला आपले गोत विसरून चालत नाही.

राठोड, परमार, चौहान ही राजस्थानातील राजकुळांचीही नावे. पण नाव जुळले म्हणजे रक्त जुळलेच, असे इतिहासाला म्हणता येत नाही. आश्रयदात्याचे नावही आश्रिताला चिकटते.

नावे पसरली ती बैलांच्या पाठीवरून. धान्य आणि मीठ वाहणारे हजारो बैलांचे तांडे सतराव्या शतकात फ्रेंच प्रवासी तावर्निये याने वर्णिले आहेत. मोगली फौजांना दख्खनेत रसद त्यांनीच पुरविली. १७९१ साली टिपूवर चालून गेलेल्या कॉर्नवॉलिसलाही त्यांचाच आधार होता. पुढे आगगाडी आली, लदेणी बुडाली आणि तांडे जेथे होते तेथे स्थिरावले.

‘नाईक’ची कथा निराळी. ते गोत नव्हे, तांड्याच्या प्रमुखाचे पद. पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. इंग्रजांत लोहाराच्या धंद्यावरून ‘स्मिथ’ झाले, तसे येथे पदावरून आडनाव झाले.

आता प्रश्न उरतो तो सरहद्दीचा. महाराष्ट्रातील राठोड तेलंगणात बहुधा ‘भुक्या’ म्हणून ओळखला जातो. गोत एकच, पण महाराष्ट्रात तो विमुक्त जातींत मोडतो, कर्नाटकात अनुसूचित जातींत आणि तेलंगणात १९७६ पासून अनुसूचित जमातींत. एका यात्रेत शेजारी बसून जेवणाऱ्या दोन भावकीतल्या मुलांना शाळेची सवलत वेगवेगळी! तांड्यांनी सरहद्द कधी मानली नाही. कागदाला मात्र ती मानावी लागते. म्हणून यांचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने दाखल्यावरचे आडनाव वाचून थांबू नये. गोत विचारावे.