वसतिगृहाच्या खोलीकडून काय अपेक्षा ठेवावी?

आजचा प्रश्न साधा आहे. बारावी झाली, कॉलेजात नाव लागलं, वसतिगृहाच्या यादीतही नंबर लागला. आता त्या खोलीकडून काय अपेक्षा ठेवायची? याचं साधं उत्तर आधी देऊन टाकतो, म्हणजे ज्यांना तेवढंच हवं ते मोकळे होतील.

खोली लहान असेल. तिघं-चौघं असाल, कधी त्याहून जास्त. लोखंडी पलंग, अर्ध्या वाट्याचं कपाट, एक पंखा आणि चार मोबाइलांना मिळून एक प्लग. बादली, मग, दोरी, कुलूप घरून न्या. मच्छरदाणी नक्की न्या. गडचिरोलीच्या पोरांना मलेरियाबद्दल मी काय सांगणार! चंद्रपुरात राहणार असाल तर मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा गच्चीखालची खोली हौसेने मागून घेऊ नका. जेवणात पोळी जास्त आणि भात कमी असतो, त्यामुळे झाडीपट्टीच्या पोराला पहिले पंधरा दिवस पोट भरल्यासारखंच वाटत नाही. घरची आठवण येते, रात्री जास्त येते, आणि ती सगळ्यांना येते. चौघंही झोपेचं सोंग घेऊन पडलेले असतात. झालं.

आता उरलेल्यांसाठी. मी तत्त्वज्ञान शिकवलं, म्हणून शब्दापासून सुरुवात करण्याची खोड आहे. 'यापेक्षा ते बरं' असं आपण म्हणतो ना, त्यातला 'पेक्षा' म्हणजे मुळात 'अपेक्षा'च. अपेक्षा ठेवणं म्हणजे कशाच्या तरी तुलनेत बघणं. मग वसतिगृहाची खोली कशाच्या तुलनेत बघायची? घराच्या तुलनेत बघाल तर ती उणीच दिसेल. सिनेमातल्या हॉस्टेलच्या तुलनेत तर विचारूच नका. माझं म्हणणं असं की ही खोली नव्हती तेव्हा विद्यार्थी कुठे राहत होता, त्याच्या तुलनेत ती बघावी. म्हणून आज इतिहास.

सुरुवात आपल्या जिल्ह्यातूनच करू. भद्रावतीला, म्हणजे जुन्या भांदकला, विजासनची लेणी आहेत. डोंगरात सरळ आत खोदत नेलेलं दालन आणि टोकाला बसलेली बुद्धमूर्ती. बौद्ध भिक्खू पावसाळ्यात भटकत नसत, एका जागी राहत. त्याला वर्षावास म्हणतात. सातव्या शतकात इत्सिंग नावाचा चिनी भिक्खू नालंदेत राहून शिकला. त्याने लिहून ठेवलं आहे की वर्षावासाआधी खोल्यांचं वाटप होई: चांगल्या खोल्या ज्येष्ठांना, मग उतरत्या क्रमाने बाकीच्यांना. म्हणजे फर्स्ट इयरच्या वाट्याला संडासाशेजारची खोली येते, ही रड तेराशे वर्षांची जुनी आहे! पण त्यातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. हे वाटप दरवर्षी नव्याने होई. खोली कुणाच्या मालकीची होत नसे, आणि ती कुणाच्या उपकाराने मिळत नसे. नियमाने मिळे.

पुढे हे मोडलं. इंग्रजी अमदानीत शाळा-कॉलेजं शहरांत निघाली, मुलं शहरांत आली, पण राहणार कुठे? तर 'वार लावून' राहत. सोमवारचं जेवण एका घरी, मंगळवारचं दुसऱ्या, असे सात वार लावायचे. नाहीतर माधुकरी मागायची. झोपायला कुणाची ओसरी किंवा देवळाचा ओटा. मोठी झालेली कितीतरी माणसं अशी शिकली, आणि आत्मचरित्रांत आपण ते कौतुकाने वाचतो. पण कौतुक करताना एक विसरतो. वार ब्राह्मणाच्या मुलाला लागे. महाराच्या, कुणब्याच्या, गोंडाच्या मुलाला कोण वार लावणार? शिवाय ज्याला वार मिळे, त्यालाही ताटावर मान खाली घालूनच बसावं लागे. ओळख, जात आणि दया, या तिन्हींवर त्याचं शिक्षण टांगलेलं असे.

ही गाठ कोल्हापुरात शाहू महाराजांनी सोडवली. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते उगीच नाही. सगळ्या जातींचं एकच वसतिगृह काढायचा प्रयत्न त्यांनी आधी केला, पण ते प्रत्यक्षात एकाच जातीचं झालं. तेव्हा महाराजांनी उलटा रस्ता धरला. १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. जातवार वसतिगृहं काढली म्हणून त्यांना नावं ठेवणारे तेव्हाही होते, आजही आहेत. मला तो आक्षेप पटत नाही. ज्याला कुणाच्याच ओसरीवर जागा नव्हती, त्याला आधी स्वतःचं छप्पर हवं होतं. एकत्र राहणं ही नंतरची पायरी, आणि तीही फार लांब नव्हती. भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढलं, त्यात सगळ्या जातींची पोरं एकत्र राहत, एकत्र जेवत. ते चालवायला लक्ष्मीबाईंचे दागिने गेले. १९२७ मध्ये गांधीजी तिथे येऊन गेले. आपल्या विदर्भात पंजाबराव देशमुखांनी अमरावतीला श्रद्धानंद छात्रालय काढलं, तेही सर्वांसाठी. आणि बहिष्कृत हितकारिणी सभा १९२४ मध्ये स्थापन झाल्यावर बाबासाहेबांनी हाती घेतलेल्या पहिल्या कामांपैकी एक कोणतं? सोलापूरचं वसतिगृह, जानेवारी १९२५.

हे सगळं शहरांचं झालं. आमच्या जंगलात तरुणांनी एकत्र राहण्याची रीत आधीपासून होती, ती म्हणजे गोटुल. बस्तरच्या मुरियांच्या गोटुलावर व्हेरियर एल्विनने १९४७ मध्ये जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यानंतर शहरी माणसाला गोटुल म्हटलं की एकच सुचतं, आणि तो डोळा मिचकावतो. ते सोडा. इकडे भामरागडच्या माडियांमध्ये गोटुल म्हणजे गावाचं सामाईक घर: पोरं तिथे झोपतात, पाहुणा तिथे उतरतो, गावाची बैठक तिथे बसते. एल्विनने मुरियांबद्दल एक बारीक गोष्ट नोंदवली आहे. गोटुलात येणाऱ्या मुलाने रोज सरपण आणायचं, नाही आणलं तर दंड. म्हणजे नव्या पोराला पहिल्या दिवशी काय मिळतं? काम मिळतं. सगळ्यांना लागणारी शेकोटी पेटती ठेवण्यात वाटा मिळतो. आणि आपल्या कॉलेजांत नव्या पोराला काय मिळायचं? रॅगिंग. त्याला गंमत म्हणू नका. महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याने तो गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आहे. झाला तर लगेच गृहपालांना लेखी द्या, लाजू नका.

गोटुल गावापुरतं होतं, कॉलेज मात्र दूर. गडचिरोली जिल्हा वेगळा झाला १९८२ मध्ये. त्याआधी सिरोंच्यापासून वरोऱ्यापर्यंत एकच चंद्रपूर जिल्हा, आणि विद्यापीठ नागपूरला. गोंडवाना विद्यापीठ आलं ते २०११ मध्ये. आजही गडचिरोली जिल्ह्यात रेल्वे म्हटलं की वडसा. भामरागडहून गडचिरोलीला यायचं तर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास, आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद. प्रवेशाच्या तारखा नेमक्या त्याच दिवसांत. भिक्खू पावसाळ्यात प्रवास थांबवायचे. आमच्या पोरांना पावसाळ्यातच निघावं लागतं. अशा ठिकाणी राहण्याची सोय म्हणजेच शिक्षण. हे १९७२-७३ पासून सरकारने आश्रमशाळांच्या योजनेत मान्य केलं, हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्पाने १९७६ मध्ये निवासी शाळा काढून करून दाखवलं, आणि पुढे आदिवासी विकास विभागाची मुला-मुलींची वसतिगृहं तालुक्या-जिल्ह्याच्या ठिकाणी झाली.

या वसतिगृहांतल्या खोलीत काय घडतं, ते बघण्यासारखं आहे. एटापल्लीचा माडिया, कोरचीकडचा छत्तीसगढी बोलणारा हलबा, सिरोंच्याचा तेलुगू बोलणारा, जिवतीचा कोलाम. कागदावर सगळे 'अनुसूचित जमाती', पण एकमेकांची भाषा एकाला दुसऱ्याची येत नाही. मग मराठीत बोलतात, आणि ती कुणाचीच घरची नसते. वर्गात ज्या मराठीला पोरं घाबरतात, ती या खोलीत मीठ मागताना, बादलीवरून भांडताना, क्रिकेट बघताना शिकतात. माझ्या मते पहिल्या वर्षाचा अर्धा अभ्यासक्रम हाच. पहिल्या सहामाहीत गप्प बसणारा मुलगा दुसऱ्या सहामाहीत वर्गात प्रश्न विचारतो, तेव्हा श्रेय आम्ही प्राध्यापक घेतो. ते रूम पार्टनरचं असतं.

आता दोन खोल्यांची गोष्ट सांगतो. माणूस एकच, बाबासाहेब. १९१३ च्या उन्हाळ्यात ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचले. आधी हार्टली हॉल नावाच्या वसतिगृहात उतरले, तिथलं जेवण मानवलं नाही, जागा बदलली. शेवटी लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये स्थिरावले. बघा, जेवणाची तक्रार त्यांनाही चुकली नाही! तिथे त्यांचे रूम पार्टनर होते नवल भथेना, एक पारशी तरुण. ही मैत्री पुढे आयुष्यभर टिकली, अडचणीत भथेनांनी पैशांची मदतही केली. आता दुसरी खोली. १९१७, बडोदा. परदेशातून शिकून आलेला, संस्थानाच्या नोकरीत रुजू झालेला हा माणूस राहायला जागा शोधतोय. हिंदू हॉटेलात घेणार नाहीत. म्हणून पारशी नाव सांगून एका पारशी पथिकाश्रमात उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी लोक दारात आले आणि त्यांना बाहेर काढलं.

माणूस तोच आणि समोरचा समाजही तोच, पारशी. फरक कुठे पडला? न्यूयॉर्कची खोली विद्यापीठाच्या नियमाने मिळाली होती, आणि खोली वाटून घेतल्यावर दोघांची ओळख झाली. बडोद्याची खोली मिळवण्यासाठी आधी ओळख द्यावी लागली, आणि खरी ओळख कळताच खोली गेली. वार लावणं आणि वसतिगृह यांतलाही फरक हाच. आपल्या शासकीय वसतिगृहात जातीचा दाखला मागतात, त्याचा राग काही मुलांना येतो. मला विचारतात, इथेही जातच का? अरे बाबांनो, तो दाखला कार्यालयात एकदा द्यायचा, तो यासाठी की खोलीच्या दारात पुन्हा कुणी विचारू नये. ही चंद्रपूरची भूमी आहे. नागपूरनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ ला, इथे दीक्षा झाली. इथल्या मुलांना हे जास्त उलगडून सांगायला नको.

म्हणून अलीकडची एक गोष्ट मला खटकते. वसतिगृहांत जागा कमी, अर्ज जास्त. त्यावर सरकारने २०१६ पासून तोड काढली: ज्यांना वसतिगृह मिळालं नाही त्यांना रोख पैसे. आदिवासी विद्यार्थ्यांना 'स्वयं' योजना, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना 'स्वाधार'. सुरुवातीला ठरलेले दर असे: मुंबई-पुणे-नागपूरला वर्षाला ६०,०००, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००. २०१८ मध्ये शहरांतल्या आदिवासी वसतिगृहांची मेस बंद करून जेवणाचेही पैसे खात्यात टाकायचं ठरलं, तेव्हा मुलं पुण्याहून नाशिककडे पायी निघाली होती. लोक म्हणाले, पैसे मिळतात तरी आंदोलन कसलं? मुलांना नेमकं कळलं होतं कसलं ते. स्वयंपाकघर बंद झालं की एका पंगतीत बसणं बंद होतं. अनुदान उशिरा आलं की डबेवालीची उधारी होते, आणि उधारी आली की मान पुन्हा खाली जाते.

पैसे वाईट असं मी म्हणत नाही. ज्याला काहीच मिळत नव्हतं त्याला ४३,००० मोठे आहेत; महिन्याला साडेतीन हजारांच्या वर पडतात, त्यात खोलीभाडं आणि जेवण कसंबसं बसतं. पण पैसे घेऊन पोरगं घरमालकाच्या दारात उभं राहतं, तेव्हा पहिला प्रश्न काय येतो? "आडनाव काय?" दुसरा, "कोणत्या गावचे?" तिसरा, "मटण-मच्छी खाता का?" मुलींना तर याहून जास्त विचारतात. सरकारने घरभाडं दिलं, पण बडोद्याच्या दारातली ती परीक्षा तशीच राहिली. आणि एटापल्लीचं पोर मग एटापल्लीच्याच दोन पोरांबरोबर कुठेतरी गल्लीत खोली घेतं. कोलाम, हलबा, तेलुगूवाला, कुणी भेटत नाही.

तेव्हा ज्यांचे अर्ज भरायचे आहेत त्यांना माझं सांगणं असं. आधी वसतिगृहाचा अर्ज भरा, 'स्वयं'चं नंतर. पहिल्या यादीत नाव नसेल तर दुसरी यादी लागेपर्यंत सामान बांधून गावी जाऊ नका. प्रकल्प कार्यालयात, मग ते चंद्रपूर-चिमूरचं असो की गडचिरोली, अहेरी, भामरागडचं, जाऊन विचारत राहा. जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा दाखला, सगळ्याच्या प्रती पूर यायच्या आत काढून ठेवा. आणि यादीत नाव आलं, खोली मिळाली, शेजारी अनोळखी भाषेचा मुलगा आला, तर लगेच खोली बदलून मागायला गृहपालांकडे जाऊ नका. दिवाळीपर्यंत थांबा.

आता कुणाचे प्रश्न असतील तर घेऊ या.