आकाशगंगेतील आगगाडी आणि हिरवे तिकीट

आम्हा वकिलांना माणसापेक्षा त्याच्या हातातील कागद आधी पाहण्याची खोड जडलेली असते. म्हणूनच की काय, आकाशगंगेतून धावणाऱ्या आगगाडीचा एक जपानी बोलपट पाहताना माझे लक्ष ताऱ्यांपेक्षा एका तिकिटाकडेच अधिक गेले. रेखाटलेल्या चित्रांना गती देऊन केलेला हा ॲनिमेशनपट गिसाबुरो सुगिई यांनी १९८५ साली दिग्दर्शित केला. त्यातील बहुतेक पात्रे मांजरांच्या रूपात आहेत. ही कल्पना हिरोशी मासुमुरा यांच्या चित्रकथेतून आली. मूळ कथा केन्जी मियाझावा (१८९६–१९३३) यांची. ती त्यांच्या पश्चात १९३४ साली प्रसिद्ध झाली.

जिओवान्नी हा गरीब मुलगा. वडील दूर उत्तरेकडे गेलेले, आई आजारी. शाळा सुटली की तो छापखान्यात खिळे वेचून चार पैसे मिळवतो. उत्सवाच्या रात्री आईसाठी दूध आणावयास निघालेला हा मुलगा टेकडीवर पडून राहतो आणि पाहतो तो आपण आगगाडीत बसलो आहोत. समोर जिवलग मित्र कांपानेल्ला. तिकीट तपासनीस येतो. कांपानेल्ला आपले लहानसे करड्या रंगाचे तिकीट सहज पुढे करतो. जिओवान्नी घाबरून खिसे चाचपतो, तो हाती येतो घडी घातलेला एक हिरवा कागद. त्यावर काळ्या वेलबुट्टीत दहाएक अनोळखी अक्षरे. शेजारचा प्रवासी थक्क होतो. या तिकिटाने खऱ्याखुऱ्या स्वर्गापर्यंत, किंबहुना हवे तेथे जाता येते, असे तो सांगतो.

ती अक्षरे कोणती? काही अभ्यासक त्यांचा संबंध निचिरेन पंथाच्या नाममंत्राशी जोडतात, आणि मला ते पटते. निचिरेन (१२२२–१२८२) यांनी एका ग्रंथाच्या नावाचा जप हीच मुख्य साधना ठरविली. तो ग्रंथ म्हणजे आपल्या संस्कृतातील सद्धर्मपुण्डरीकसूत्र. भारतातून गेलेल्या पित्याचा पुत्र कुमारजीव याने ४०६ साली त्याचे चिनी भाषांतर केले, आणि त्याच भाषांतरातून हे सूत्र जपानात रुजले. नामस्मरणाच्या परंपरेत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे सारे परके वाटू नये.

मियाझावांनी हे सूत्र १९१४ साली वाचले आणि घरात वादाला तोंड फुटले. वडील मासाजिरो गहाणवटीचा व जुन्या कपड्यांचा व्यवहार करीत. ते अमिताभ बुद्धाच्या कृपेवर विसंबणाऱ्या पंथाचे निष्ठावंत उपासक. मुलाला गरीब शेतकऱ्यांच्या गरजेवर चालणारा हा धंदाही नको होता आणि तो पंथही. १९२० साली तो निचिरेनानुयायांच्या एका संस्थेत शिरला आणि १९२१ च्या जानेवारीत घर सोडून टोकियोला गेला. बहीण तोशी आजारी पडल्यामुळे परतला. त्याच्या श्रद्धेची घरातील खरी सोबतीण तीच. १९२२ च्या नोव्हेंबरात, अवघ्या चोविसाव्या वर्षी, ती गेली. पुढच्या उन्हाळ्यात त्याने आगगाडीने आणि बोटीने उत्तरेस साखालीनपर्यंत प्रवास केला. आकाशातील गाडीचे बीज त्या प्रवासात असावे, असे पुष्कळांचे मत आहे.

घरातला तो वाद आगगाडीच्या डब्यातही शिरला आहे. हिमनगावर आदळून बुडालेल्या बोटीतील दोन ख्रिस्ती मुले आणि त्यांचे शिक्षक गाडीत चढतात. (चित्रपटात हे तिघे माणसेच आहेत, मांजरे नव्हेत.) दक्षिणेच्या क्रॉसपाशी त्यांना उतरावयाचे असते, कारण त्यांचा स्वर्ग तेथे आहे. जिओवान्नी हट्ट धरतो की तो देव खरा नव्हे. मुलगी उलट म्हणते की तुझाच देव खोटा. तुझा देव तरी कसा, असे शिक्षक विचारतात, तेव्हा त्या पोराला उत्तर देता येत नाही. देवस्थानांच्या मानपानाचे दावे ऐकत माझे केस पिकले. दोन्ही पक्षांना डोळ्यांत पाणी आणून निरोप घ्यावयास लावणारा असा तंटा मी पाहिला नाही. निकाल कोणीच देत नाही. ते तिघे उतरतात, गाडी पुढे निघते. वैशाखाच्या रात्री आपल्याकडे दक्षिण क्षितिजाशी दिसणाऱ्या त्याच ताऱ्यांना आपण त्रिशंकू म्हणतो, हे त्या वेळी मला आठवले.

त्याआधी वाटेत वृश्चिक लागतो. विहिरीत बुडणारा विंचू पश्चात्तापाने प्रार्थना करतो की, जीव असा फुकट जाण्यापेक्षा हा देह सर्वांच्या सुखासाठी कामी येवो. आणि तो तांबडा अग्नी होऊन अंधार उजळतो. आपली ज्येष्ठा ती हीच. सद्धर्मपुण्डरीकात सर्वसत्त्वप्रियदर्शन बोधिसत्त्व आपला देह दिव्यासारखा जाळतो, ती कथा ज्यांनी वाचली आहे त्यांना या विंचवाचे कूळ सांगावयास नको.

मृत्युशय्येवर मियाझावांनी ज्या पित्याशी वर्षानुवर्षे वाद घातला त्यालाच सांगितले, की या सूत्राच्या एक हजार प्रती छापून वाटाव्यात. कागद नाही, साक्षीदारांच्या सह्या नाहीत. वडिलांनी ते तोंडी मृत्युपत्र पाळले, आणि १९५१ साली साऱ्या कुटुंबाने मुलाचा पंथ स्वीकारला.

चित्रपटाच्या अखेरीस कांपानेल्ला डब्यातून नाहीसा होतो आणि जिओवान्नी टेकडीवर जागा होतो. हवे तेथे नेणारे तिकीट त्याला परत गावातच आणून सोडते. दूध घेऊन तो पुलापाशी येतो, तर तेथे गर्दी. नदीत पडलेल्या सोबत्याला वाचवताना कांपानेल्ला बुडालेला असतो. त्याचे वडील हातातील घड्याळ पाहून म्हणतात, पंचेचाळीस मिनिटे झाली, आता आशा नाही. मग तेच जिओवान्नीला विचारतात, तुझे वडील परत आले का? त्यांचे पत्र आले आहे, एव्हाना ते पोहोचावयास हवेत. हे आईला सांगावयाचे आहे, दूधही द्यावयाचे आहे. मुलगा घराकडे धावत सुटतो.