परिचित शब्दांचा अपरिचित प्रवास

इतिहास म्हटला की किल्ले, लढाया आणि राजघराणी डोळ्यांसमोर येतात. वस्तुतः वाचनालयाच्या टेबलावर रोज हाताळल्या जाणाऱ्या कागद, शाई, दौत, दप्तर यांसारख्या वस्तूंची नावेही अनेक राजवटींची साक्ष देतात. बिदरच्या छायेत वाढलेल्या आपल्या मेहकर परिसराला तर ही साक्ष विशेष जवळची आहे.

प्रथम 'ग्रंथ' हाच शब्द घेऊ. संस्कृतातील 'ग्रथ्' या धातूचा अर्थ गुंफणे, बांधणे. ताडपत्रांना छिद्रे पाडून ती दोरीत ओवीत आणि गाठ मारून ठेवीत. ताडपत्रे गेली, छापखाने आले. परंतु पुस्तकाचे 'पान' आपण अजूनही उलटतो ते झाडाच्याच नावाने.

'शाई' हे फारसी 'सियाही'चे मराठी रूप. 'सियाह' म्हणजे काळा. म्हणजे 'लाल शाई' असे म्हणताना आपण नकळत 'लाल काळेपणा' असेच म्हणत असतो. 'दौत' अरबीतून आली. 'कलम'ही अरबी, त्याचे नाते बोरूवाचक ग्रीक 'कालामोस' या शब्दाशी आहे. 'दप्तर' आपल्याला फारसीने दिले. पण त्याच्या मुळाशी ग्रीक 'दिफ्थेरा' म्हणजे कातडे आहे, कारण एके काळी लेखन कातड्यावर होत असे. पुस्तकाची 'जिल्द' म्हणजे अरबीत त्वचाच. शाळेत निघालेले मूल पाठीवर दप्तर टाकते, तेव्हा दोन हजार वर्षांहून जुना शब्द त्याच्याबरोबर निघालेला असतो.

हे शब्द आपल्या गावापर्यंत कसे पोहोचले? चीनमध्ये इ.स. 105 च्या सुमारास सुधारलेली कागदाची विद्या समरकंदमार्गे पश्चिमेकडे पसरली आणि पुढे हिंदुस्थानात आली. महंमद तुघलकाने 1327 मध्ये दौलताबादला राजधानी आणली. त्या किल्ल्याजवळचे कागजीपुरा हे गाव हातकागदासाठी प्रसिद्ध झाले. 1347 मध्ये गुलबर्ग्यास बहामनी सत्ता स्थापन झाली आणि पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात तिची राजधानी बिदरला आली. इराणातील गीलान प्रांतातून आलेला वजीर महमूद गावान याने तेथे 1472 मध्ये मदरसा उभारला. त्याच्या ग्रंथालयात तीन हजार हस्तलिखिते होती, असे सांगतात. 1481 मध्ये सुलतानाच्या आज्ञेने गावानचा वध झाला आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस दारूच्या स्फोटाने मदरशाचा मोठा भाग ढासळला. दरबारातील फारसी आणि रयतेची भाषा यांची गाठ मात्र गावोगावच्या कुलकर्ण्यांच्या दप्तरांत पडतच राहिली.

पुढे शिवछत्रपतींच्या आज्ञेने 'राज्यव्यवहारकोश' सिद्ध झाला. कारभारातील फारसी-अरबी शब्दांना त्यात संस्कृत पर्याय देण्यात आले. त्यांतील काही रुळले. पण कागद आणि दप्तर लोकांनी सोडले नाहीत, कारण तोवर ते शब्द परके उरलेच नव्हते.

कालगणनेची कथा याहून मनोरंजक आहे. 1344 मध्ये दख्खनेत सुरू झालेला शुहूर सन पेशवाई अखेरपर्यंत मराठी कागदांत चालला. त्याचे वर्ष मृग नक्षत्राला, म्हणजे पेरणीच्या तोंडावर बदले, आणि त्याचे आकडे अरबी शब्दांत लिहीत. 'खमस सबैन अलफ' म्हणजे पाच, सत्तर आणि हजार, अर्थात 1075. त्यात 599 मिळविले की 1674 हे शिवराज्याभिषेकाचे वर्ष येते. निजामी राजवटीतील फसली सनाचे नाव 'फसल' म्हणजे पीक यावरून पडले. त्याच्या आरंभीच्या महिन्यांसाठी 590 आणि जानेवारीपासून पुढे 591 मिळविले की इसवी सन निघतो. शेतकऱ्याच्या तोंडचे 'खरीप' आणि 'रबी'ही अरबीतलेच. पहिल्याचा अर्थ शरद, दुसऱ्याचा वसंत. ही नावे पेरणीवरून न पडता कापणीच्या ऋतूवरून पडली.

17 सप्टेंबर 1948 रोजी निजामी राजवट संपली. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्य पुनर्रचनेत बिदर जिल्हाही विभागला गेला. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले. भालकीसह बराचसा भाग म्हैसूर राज्यात आला. नकाशावर रेघ पडली, तरी नातीगोती, बाजारहाट आणि बोली दोन्ही बाजूंना राहिली. येथील घराघरांत मराठी, कन्नड आणि उर्दू शब्द एकमेकांच्या शेजारी नांदतात, त्यामागे हा साडेसहाशे वर्षांचा शेजार आहे.

या साऱ्याचा एक व्यावहारिक अर्थही आहे. जुन्या घरांच्या माळ्यांवर, लाकडी पेट्यांत अजून मोडीतील कागद, उर्दूतील पावत्या, फसली सनाचे सारेपट्टीचे दाखले सापडतात. लिपी कळत नाही, साल लागत नाही, म्हणून ते रद्दीत जातात किंवा वाळवीच्या स्वाधीन होतात. त्यांत कुणाच्या विहिरीची वाटणी असेल, कुणा देवस्थानाचे इनाम असेल, दुष्काळी सालाची माफी असेल. राजांचा इतिहास लिहिणारे पुष्कळ झाले. आपल्या गावाचा इतिहास या कागदांखेरीज कुठेही लिहिलेला नाही. शतक पाहिलेल्या ग्रंथालयाने येत्या काळात छापील पुस्तकांबरोबर या दप्तरांनाही कपाटात जागा द्यावी आणि मोडी व उर्दू वाचू शकणाऱ्या वडीलधाऱ्यांना, ते आपल्यात आहेत तोवर, तरुणांच्या शेजारी बसवून ते कागद वाचून घ्यावेत.